शोकेसमधलं कार्ड

"हे काय, राशन कार्ड आणलंत?"

भैयाजींनी माझं कार्ड दोन बोटांत धरून वर केलं. गोंदियातल्या एका हॉटेलचा हॉल. क्रिकेट कार्ड जमवणाऱ्यांचा मेळावा. टेबलावर काळी मखमल, तिच्यावर प्रत्येकाची कार्डं मांडलेली. माझं लॅमिनेट केलेलं. जाड, चकचकीत, चारी बाजूंनी प्लॅस्टिकची पट्टी.

"अरे देखो, लॅमिनेशन! ताई, तुमच्यात सगळंच लॅमिनेट करतात ना? जातीच्या दाखल्यासारखं?"

हॉल हसला. मीही हसले. त्यांचं हसणं मी समजू शकते. माझं नाही.

कार्ड खरं होतं. लहानपणी बबलगमच्या पाकिटात निघालेलं. पण लॅमिनेट केलं की कार्ड मेलं, त्याला कोणी विचारत नाही, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. आम्हाला कोण सांगणार? आमच्या घरी एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि वडिलांची सगळी कागदपत्रं लगदा झाली. त्यानंतर आईने जपण्यासारखा प्रत्येक कागद तहसीलसमोरच्या दुकानातून लॅमिनेट करून आणला. दाखला, मार्कशीट, बाबासाहेबांचा फोटो. त्यातच माझं कार्ड. "आता तुले कोनी बुडवू शकत नाही," ती म्हणाली होती. आमच्याकडे माया अशी करतात.

भैयाजी माझ्याच वयाचे. राईस मिलवालं घराणं. ऑनलाइन ग्रुप त्यांचाच, खरं-खोटं तेच ठरवणार. लहानपणी त्यांच्या घरी बबलगमचे अख्खे डबे यायचे. आम्ही पानठेल्यापुढे पडलेली पाकिटं उचकून बघायचो, कोणी कार्ड विसरलंय का म्हणून.

मी जळत होते. सरळ लिहिते. ग्रुपमध्ये ते शोकेसचे फोटो टाकायचे. काचेचं कपाट, आत पिवळा दिवा, कडक पारदर्शक पेटीत सीलबंद एकेक कार्ड, वर कार्ड खरं असल्याची हमी देणाऱ्या तपासणी कंपनीचं लेबल आणि नंबर. मधल्या फळीवर तो डावखुरा फलंदाज, पहिल्या मोसमातला, सही असलेला. शाळेत मी ज्याच्यासाठी रडले होते तो. भाजी चिरताना मी तो फोटो मोठा करून बघायची. नवरा म्हणायचा, "काऊन त्याच्या कपाटात शिरून राहिलीस?" मला नुसतं कार्ड नको होतं. त्याच्यापुढे उभं राहायची त्यांची सवय हवी होती. काही सिद्ध न करता उभं राहायची.

म्हणून हॉल हसल्यावरही मी ग्रुप सोडला नाही. उलट, वर्षभराने भैयाजींनी दुसऱ्या एका फलंदाजाचं सीलबंद कार्ड विकायला काढलं तेव्हा सगळ्यात आधी मीच हात वर केला आणि ते विकत घेतलं.

मी सरकारी दवाखान्यात औषधांचं स्टोअर सांभाळते. बॅच नंबर जुळल्याशिवाय मी गोळ्यांचं खोकं आत घेत नाही. पुरवठादार मला 'नंबरवाली मॅडम' म्हणतात. पेटीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मूळ कार्डाचा फोटो दिसतो, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण भैयाजींचा नंबर तपासायचा नाही, अशी ग्रुपची रीत होती. तपासणं म्हणजे त्यांच्या ताटात केस शोधणं. मीही तपासला नाही. मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

मग एका मोठ्या ऑनलाइन गटात नागपूरच्या कोणीतरी मी घेतलेलं तेच कार्ड दाखवलं. तोच फलंदाज, तीच पेटी, तोच नंबर. एका नंबराची दोन कार्डं नसतात. मी साइट उघडली. फोटोतल्या कार्डाची वरची पांढरी कड एका बाजूला रुंद होती. नागपूरच्या कार्डाचीही तशीच. माझ्या पेटीतल्या कार्डाची चारी बाजूंनी सारखी. म्हणजे माझं लेबलही नकली छापलेलं, कार्डही नकली छापलेलं.

मी त्यांच्या बंगल्यावर गेले. पहिल्यांदाच. त्यांनी पेटी बघितली. उजेडात धरलीही नाही. त्यांना आधीच माहीत होतं, हे त्यावरूनच कळलं.

"ताई, मैं खुद फँस गया इसमें. पैसे घेऊन जा. पण ग्रुपमध्ये टाकू नका."

"बाकीच्यांना विकलीत ती?"

"त्यांची त्यांना पडली नाही, तुम्हाला कायले पडली?"

मग त्यांनी शोकेस उघडली. मधल्या फळीवरचं कार्ड काढलं. डावखुरा. "हे असली आहे. वडिलांनी घेऊन दिलेलं. घ्या. घरची गोष्ट घरात राहू द्या."

माझ्या हातात दिलं. पेटी थंड होती. सही किंचित पुसट, शाईचा शेवट खाली ओघळलेला. किती वेळ मी ते धरून उभी होते, सांगता येत नाही. ते माझं झालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"घेऊन टाका ताई. तुम्हा लोकांना असं कुठे मिळतं?"

ते सहज म्हणाले. टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. त्यांच्या लेखी माझी हाव आणि माझी जात एकाच खणात होती, आणि त्या खणाची किल्ली त्यांच्या हातात.

मी ते कार्ड टेबलावर ठेवलं, माझी नकली पेटी उचलली. "भैयाजी, मिळत नाही, हे खरं आहे. पण असं नको."

घरी आले. माझ्या आणि नागपूरच्या कार्डाचे फोटो, नंबर आणि भैयाजींचं नाव ग्रुपमध्ये टाकलं. पुरावा म्हणून पेटी न उघडता सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. संध्याकाळी एका सभासदाचा फोन आला. गुरुजी आहेत, सज्जन माणूस. "ताई, घरचं चव्हाट्यावर काऊन आणलं?"

"गुरुजी, घर कोणाचं?" मी विचारलं. "आणि तुमच्या पेटीचा नंबर टाकून बघितला?"

 त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने मला ग्रुपमधून काढलं.

हेवा गेलेला नाही. ते डावखुरं कार्ड अजून डोळ्यांपुढे येतं. येऊ दे. पुढच्या मेळाव्याचं मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. मखमलीवरच्या प्रत्येक पेटीचा नंबर मोठ्याने वाचणार आहे, साइटवरचा फोटो सगळ्यांना दाखवणार आहे. सुरुवात भैयाजींपासून. कोणी उठवलं तर पुन्हा बसेन. शेवटची पेटी वाचून होईपर्यंत त्या टेबलापासून मला कोणी हलवू शकणार नाही.