मेंढी ऑस्ट्रेलियाची, अब्रू वाशीमची

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या गणिताच्या सरांच्या नाकातून चहा आला होता. तो डाग अजून माझ्या हजेरीपटावर आहे.

तर मी भूगोलाचा मास्तर. वाशीमच्या शाळेत वीस वर्षं पोरांना सांगत आलो, की ऑस्ट्रेलियाच्या डाऊन्स गवताळ प्रदेशात मेरिनो जातीची मेंढी असते आणि तिची लोकर फार मऊ असते. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न! पण ती लोकर मी स्वतः कधी बोट लावूनही पाहिली नव्हती.

मग डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सायकल चालवायला सांगितलं. मी काय केलं? सायकल कमी चालवली आणि सायकलीचे व्हिडिओ जास्त पाहिले. त्यात एक गडी बर्फात सायकल हाणत सांगत होता, थंडीत मेरिनोच घाला. पातळ असते तरी ऊब देते, घाम शोषते आणि आठ-आठ दिवस धुतली नाही तरी वास येत नाही. आठ दिवस धुवायचं नाही! मग मी कशाला मागे हटतो? त्याच बैठकीत मागवून टाकली.

पार्सल आलं. अंगाला चिकटून बसणारा काळा शर्ट आणि तशीच चिकटून बसणारी काळी विजार. पाकिटावर 'बेस लेयर' लिहिलेलं. म्हणजे आतून घालायचा कपडा. हे मला कळत नव्हतं असं नाही हो! पण तुम्हीच सांगा, एवढी महागाची मेंढी आत घालायची आणि वरून जुनी ट्रॅकपॅन्ट चढवायची? मग ती पाहणार कोण?

बायको म्हणाली, "अवो, हे तं आतले कपडे हायेत!"

"मेरिनो हाये ते. तुले नाई समजनार."

"मले एवढं समजते, का हे घालून तुमी दारातला पेपर उचलाले बी जाऊ नका."

आता मूळ गोष्टीवर येतो. माझी पुतणी पल्लवी. तिला पाहायला शेलूबाजारजवळच्या गावातली मंडळी येऊन गेली होती. मुलगा चांगला, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे पल्लवीला मनापासून आवडलेला. पण दहा दिवस झाले, तिकडून हो नाही आणि नाहीही नाही. घरात फोन वाजला की पोरगी दचकायची. आता आपल्याकडे मुलीवाल्यांनी उत्तर विचारायला जायचं नसतं. माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, मला मुद्दाम बजावलं होतं, "तिकडं फिरकू नको."

मी म्हणालो, "विचाराले कोन जाते? सायकलनं जाता जाता पानी प्याले थांबतो."

पल्लवीनं माझा हात धरला. "काका, काई गडबड करू नका हं."

मी मान डोलावली आणि सायकलीत हवा भरायला गेलो.

रविवारी सकाळी आमच्या सायकल ग्रुपचे चौघं आणि मी, असे पाच जण निघालो. थंडी अशी की हँडल धरवेना. बायकोनं शर्ट-पॅन्ट थैलीत घालून कॅरिअरला अडकवली होती आणि मुलाच्या गावाबाहेर थांबून अंगावर चढवायला सांगितलं होतं. अर्ध्या रस्त्यात एका टपरीपाशी ते चौघं थांबले आणि सायकली जीपवर टाकून वाशीमला परत पळाले. मी एकटा पुढे! लोकर ऊब धरते, पण वारा अडवायला वरून काहीतरी घालावंच लागतं, हे त्या व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं. मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

गावाबाहेर उतरून पाहतो तर कॅरिअरवर थैलीच नाही! कुठंतरी पडली होती. खरं सांगू? मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, आता तरी लोक मेरिनो बघतील.

लोकांनी बघितलं.

मुलाची आई अंगणात झाडत होती. मला पाहताच झाडू टाकून, तोंडावर पदर घेऊन ती आत पळाली. मी मनात म्हटलं, काय हे संस्कार! शेकोटीपाशी मुलाचे आजोबा, आबाजी, बसले होते. ते धडपडत उठले.

"मास्तर! हे काय झालं बाप्पा तुमचं?"

माझे दात वाजत होते. "सा… सायकलनं आलो."

"सायकल तरी वाचली म्हना. किती जन होते?"

"चार. टपरीपासून पळाले लेकाचे!"

"लागलं-गिगलं तं नाई?"

"मांड्या भरून आल्या, बाकी मजेत!" मी हसून म्हणालो.

आबाजी माझ्याकडे असे पाहत राहिले, जसा काही मी लढाईवरून आलोय. मग त्यांनी आत हाक मारली. मुलगा बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, आबाजी त्याच्या कानात काही बोलले आणि तो दोन मित्रांना घेऊन मोटरसायकलवर सुसाट निघाला. मी समजलो, पेढे आणायला गेला.

कारण तोवर आबाजींनी काय केलं माहीत आहे? मला कोरं धोतर नेसवलं. अंगात सदरा घातला. खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली! आता आपल्याकडे टोपी-दुपट्टा कोणाला देतात? सोयऱ्याला! माझा तर ऊर भरून आला. तोंडानं होकार न सांगता किती खानदानी पद्धतीनं सांगितला यांनी! मी तिथूनच भावाला फोन लावला.

"दादा, जमलं! मले पोशाख केला त्याईनं!"

तिकडे एकच गलका. मागून पल्लवीचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी हसली होती पोरगी. दादा ओरडला, "पेढे वाटतो!" आणि फोन ठेवला.

तेवढ्यात मोटरसायकल परत आली. पेढे नव्हते. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा मेंढपाळ मध्ये बसवून आणला होता आणि मुलाच्या हातात माझी थैली होती.

"आबाजी, सापडला एक! मास्तरचे कपडे याच्याच जवळ होते. बाकीचे तिघं पळाले असतीन."

म्हातारा घोंगडी सावरत खाली उतरला. "मी कायले लुटू बाप्पा? थैली रोडवर पडली होती. कोनाची हाये म्हून इचारतच येऊन राह्यलो होतो."

अंगणात अर्धं गाव जमलं. पोलीस पाटलांनी फोन खिशातून काढला. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा आहेर नव्हता! यांना वाटलं होतं, चार चोरांनी मास्तरला लुटून आतल्या कपड्यांवर आणून सोडलं. म्हणून लाज झाकायला धोतर!

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. गप्प बसलो तर मी बिचारा लुटलेला माणूस. बोललो तर पल्लवीचं लग्न माझ्या विजारीपायी मोडणार, आणि तिकडे दादा पेढे वाटतोय. पण तो म्हातारा माझ्याकडेच पाहत होता.

"थांबा," मी म्हणालो. "मले कोनं लुटलं नाई. मी घरूनच असा आलो."

पोलीस पाटलांनी फोन परत खिशात घातला. अहो, लुटलेल्या माणसाला निदान इज्जत असते. घरूनच असा निघालेल्याला काय असतं?

"असा?" आबाजींनी विचारलं. "आपल्या मनानं?"

मी घाईघाईनं सदऱ्याची बाही वर करून समजावू लागलो. मेरिनो, ऑस्ट्रेलिया, डाऊन्स, गवताळ प्रदेश! सगळा धडा म्हणून टाकला. मेंढपाळानं पुढं होऊन माझी काळी बाही चिमटीत धरून पाहिली.

"लोकर हाये खरी. मऊ बी हाये," तो म्हणाला. "पन मास्तर, कातरल्यावर माह्ये मेंढरं असेच दिसते."

सगळं अंगण हसलं. आतून मुलाच्या आईचं हसू सगळ्यांत मोठं. मी टोपी काढली, दुपट्टा काढला, मेंढपाळाची माफी मागितली आणि आबाजींपुढे हात जोडले. "आबाजी, येडेपना माहा हाये. पोरगी लय गुनाची हाये. तिच्यावर राग धरू नका."

आबाजींनी डोळे पुसले आणि टोपी परत माझ्या डोक्यावर ठेवली.

"राहू द्या. दहा दिवसापासून आमी याच इचारात होतो. पोरगी तं आमाले पाहता बरोबर पसंत पडली. पन तुमच्या घरी तुमी आमाले घंटाभर जगाचा नकाशा शिकवला. आमची सून, पोराची माय, घाबरली, म्हने लय हुशार लोकं हायेत, आपला निभाव नाई लागनार. आता तिचं भ्याव मिटलं."

म्हणजे लग्न दहा दिवस अडलं होतं ते माझ्यामुळं, आणि जमलं तेही माझ्यामुळं. घरी हे मी अर्धंच सांगितलं. कोणतं अर्धं, ते तुम्ही ओळखा.

उन्हाळ्यात लग्न झालं. आहेराच्या वेळी दादाला पूर्ण पोशाख मिळाला. आबाजींनी त्या मेंढपाळाला आग्रहानं बोलावलं होतं, त्यालाही पूर्ण पोशाख मिळाला. मग माझं नाव पुकारलं. मी ऐटीत पुढं गेलो आणि सगळ्यांदेखत पुडा उघडला.

नुसत्या फुलपॅन्ट. तीन. सदरा एकही नाही.

विहीणबाई पदराआडून म्हणाल्या, "आतून काई बी घाला मास्तर. ह्या वरून घालाच्या."