फूटपाथवर खुर्ची

प्रभावतीबाई काटकरांना राग यायला फार काही लागत नसे. दुधातलं पाणी, नळाला येणारी नुसती हवा, शेजारच्या जागरणाचा लाउडस्पीकर, काहीही पुरे. पण तो राग चहासारखा होता. उकळी आली की वर चढायचा, गॅस बंद केला की खाली बसायचा. जो राग खाली बसलाच नाही, तो त्यांना सत्त्याण्णव सालच्या थंडीत आला, फरीदाबादच्या त्यांच्या सेक्टरमधल्या मार्केटसमोर, भर दुपारी.

त्यांचे यजमान शहाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाव माण तालुक्यात, पण मुलगा राजवीर आणि मुलगी प्रज्ञा दोघांची शिक्षणं इकडेच चाललेली, तेव्हा शहाजीरावांनी एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली आणि सेक्टरमध्ये छोटं घर बांधलं. उभा जन्म छावण्यांतून काढलेल्या प्रभावतीबाईंना रस्त्याच्या कडेला गेरू-चुना लावलेल्या विटा आणि झाडलेला फूटपाथ बघायची सवय. नव्या घरात आल्या तेव्हा मार्केटही तसं बरंच होतं. दुकानांची एक रांग, समोर ऐसपैस फूटपाथ, कडुनिंबाची झाडं. हिवाळ्यात बायका तिथेच उन्हात बसून मटार सोलत.

मग बघता बघता काळ पालटला. शिंप्याच्या जागी ब्यूटी पार्लर आलं, किराणावाल्याच्या जागी केक-पेस्ट्री, आणि कोपऱ्यावर तनेजांचं टीव्ही-फ्रिजचं काचेचं शोरूम. माणसांच्या हातात पैसा खेळू लागला आणि दारात गाड्या. फूटपाथवर आधी स्कूटर चढल्या. मग दुकानदारांच्या गाड्या, मग गिऱ्हाइकांच्या, आणि उरल्यासुरल्या जागेत धडधडणारे जनरेटर. चालणाऱ्या माणसांनी काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. माणसं मुकाट रस्त्यावर उतरली आणि टेम्पो, बस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांच्या बाजूने अंग चोरून चालू लागली.

प्रभावतीबाईंची मैत्रीण विजयाताई परचुरे. पुण्याच्या, नवरा विलासराव इंजिनिअर, बोलणं मऊ आणि स्वच्छ. दोघींचं काहीच जुळण्यासारखं नव्हतं, पण परक्या मुलखात मराठी बोलायला मिळतं एवढ्यावर सुरू झालेली ओळख पुढे रोज भाजीला बरोबर जाण्यापर्यंत आली. विजयाताई म्हणायच्या, "प्रभाताई, तुम्ही भांडा, मी भाजी निवडते."

त्या दुपारी दोघी मेथी घेऊन परतत होत्या. शोरूमसमोर गाड्या दाटीवाटीने लागलेल्या, म्हणून त्या रस्त्यावरून चालत होत्या. एवढ्यात एका उभ्या गाडीचं दार आतून कोणीतरी खाड्कन उघडलं. विजयाताई दचकून बाजूला सरल्या आणि मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात हवालदार आला, त्याने डायरी उघडली आणि विचारलं, "माताजी सड़क के बीच में क्यों चल रही थीं?"

"तो कहाँ चलती?" प्रभावतीबाई कडाडल्या. "तुम्हारे सिर पे? फूटपाथ दिखाव मेरे को! चलो, अभी दिखाव!"

हवालदाराने डायरी मिटली. ज्याने दार उघडलं होतं, तो तर गाडी घेऊन केव्हाच निघून गेला होता.

ऑपरेशन झालं, पण विजयाताईंचा पाय काही पुन्हा नीट टेकला नाही. वॉकर धरून बिछान्यापासून बाथरूमपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं उरलं. उन्हाळ्याच्या आधी विलासरावांनी त्यांना पुण्याला लेकीकडे नेलं. निघताना विजयाताई म्हणाल्या, "जाऊ दे हो प्रभाताई. माझंच लक्ष नव्हतं."

गाडी सुटली आणि प्रभावतीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं होऊन बाई स्वतःलाच दोष देते! सगळ्यांनी मिळून तिला तसं पटवलं होतं. हवालदाराने, डॉक्टरने, शेजारणींनी. "इस उम्र में घर बैठना चाहिए," असं म्हणणाऱ्यांनी.

प्रभावतीबाई दुकानदारांच्या असोसिएशनच्या अध्यक्षांकडे, इकडच्या भाषेत प्रधानांकडे, गेल्या. प्रधान म्हणजे शोरूमवाले तनेजा. गोड माणूस. "बहनजी, बैठिए. ठंडा लेंगी?"

"बैठने को नहीं आयी. फूटपाथ खाली करो."

तनेजा हसले. "बहनजी, पार्किंग नहीं होगी तो कस्टमर कहाँ से आएगा? ज़माना बदल गया है. आजकल पैदल चलता कौन है?"

प्रभावतीबाईंनी काचेबाहेर पाहिलं. पैदल कौन चलता है! सकाळी कारखान्याच्या भोंग्याला पळणारे लोक, धुणीभांडी करणाऱ्या बायका, शाळेची पोरं, म्हातारीकोतारी, हे सगळे त्या माणसाच्या काचेसमोरून रोज जात होते आणि त्याला दिसत नव्हते.

मग सरकारी कार्यालय. तिथले साहेब म्हणाले, फूटपाथ तर आहे, नकाशात स्पष्ट दाखवलाय. अतिक्रमणाचं काम दुसऱ्या खात्याचं. दुसरं खातं म्हणालं, पार्किंग ट्रॅफिक पोलिसांकडे. ट्रॅफिक पोलीस म्हणाले, दुकानदारांशी बोलून घ्या. बाई घरी आल्या, चपला भिरकावल्या आणि म्हणाल्या, "सगळे मेले एकाच माळेचे मणी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, त्यांनी घरातली लोखंडी घडीची खुर्ची काखोटीला मारली, मार्केटात गेल्या आणि तनेजांच्या शोरूमसमोर फूटपाथच्या मधोमध मांडून बसल्या. हातात विणकाम.

पहिली गाडी आली. हॉर्न वाजला. बाईंनी मान वर केली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, मग ड्रायव्हर उतरला. "आंटी, हटिए ना, गाड़ी लगानी है."

"ये गाडी का जगा नहीं. पैर का जगा है."

"पागल है क्या?"

"हाँ. पागल है. अब चढ़ाव गाडी मेरे ऊपर!"

गाडी चढवली कोणी नाही. पण शिव्या खूप पडल्या. तनेजांनी आधी हात जोडले, मग नोकराला सांगून खुर्चीशेजारी जनरेटर चालू करवला. धूर थेट तोंडावर. बाईंनी पदर नाकाला बांधला आणि बसून राहिल्या. पार्लरमधल्या मुली काचेतून बघून हसायच्या. ओळखीच्या बायका दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या, न जाणो हाक मारली तर! याचा बाईंना धुरापेक्षा जास्त त्रास झाला. आपण कोणासाठी बसलोय, हे त्यांना मोठ्याने ओरडून विचारावंसं वाटे.

घरी वेगळीच आग. शहाजीराव म्हणाले, "अगं, काय मांडलंयस हे? सुभेदाराची बायको रस्त्यावर बसलीय म्हणून लोक माझ्याकडे बोट दाखवतात."

"रस्त्यावर नाही, फूटपाथवर. रस्त्यावर तर विजयाताई होत्या."

"एकटीने काय होणार?"

"मग तुम्ही या! बॉर्डरवर दुश्मनाला अडवायचात ना? इथे एक फ्रिजवाला अडववत नाही तुमच्याच्यानं?"

शहाजीराव ताटावरून उठले. मग एका रविवारी ते आणि त्यांचे पेन्शनर फौजी मित्र हातगाडीवर विटा घालून मार्केटात आले. विटांना चुना लावलेला. त्यांनी फूटपाथच्या कडेने विटांची सरळ ओळ लावली, छावणीत लावतात तशी. प्रभावतीबाई खुर्चीतून बघत राहिल्या. नवऱ्याला शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "ती कोपऱ्यातली वाकडी आहे."

विटा लाथाडल्या जायच्या, फुटायच्या. फौजी पुन्हा लावायचे. हळूहळू एखाद-दुसरी बाई खुर्चीजवळ थांबू लागली, खुर्चीच्या मागून फूटपाथवरूनच चालू लागली. अर्धा फूटपाथ मोकळा झाला. तनेजा मात्र सगळ्यांना सांगत, "बस इनके अपने घर में गाड़ी आने दो. फिर देखना."

आणि गाडी आलीच. राजवीरला गुडगावला एका परदेशी कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती. वर्ष सरायच्या आत त्याने लाल रंगाची गाडी दारात आणून उभी केली. प्रभावतीबाईंनी ओवाळलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढे झेंडूचा हार बांधला. डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरात कोणी स्वतःच्या गाडीत बसेल, असं त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं.

"आई, चल, पहिली चक्कर तुझी. मिठाई घेऊन येऊ."

पुढच्या सीटवर लेकाशेजारी बसून त्या निघाल्या. काच खाली केली. वारा लागला. ओळखीची माणसं वळून बघत होती आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडत होतं. मार्केट आलं. राजवीरने इकडे तिकडे पाहिलं, जागा नव्हती. त्याने सहज स्टिअरिंग वळवलं आणि गाडी विटांवरून फूटपाथवर चढली.

खाली विटेचा कडाक्‌ आवाज झाला, तो बाईंना बसल्या जागी हाडात जाणवला.

"राजवीर! काय केलंस हे?"

"दोन मिनिटं, यार आई. मिठाई घेतो आणि निघतो."

"आधी खाली घे."

"आई, प्लीज. आज तरी नको. सगळे बघतायत."

बाई दार उघडून उतरल्या. तनेजा शोरूमच्या पायरीवर हात बांधून उभे होते आणि हसत होते. मिठाईवाल्याचं गिऱ्हाईक थबकलं होतं. प्रभावतीबाईंचा चेहरा तापून लाल झाला. त्या गाडीच्या मागे न जाता पुढे आल्या, मिठाईच्या दुकानातलं स्टूल ओढलं, हारासमोर मांडलं आणि बसल्या.

"आई, माझी इज्जत..."

"तुझी इज्जत? विजयामावशी आठवतेय? तुला वरणभात वाढायची ती? तिला ज्याने घरात बसवलं ना, तोही दोन मिनिटंच थांबला असेल. घे मागे! घे म्हणते ना!"

राजवीरने गाडी मागे घेतली. घेताना दुसऱ्या विटेचाही चुरा झाला. मार्केटमागच्या ओसाड मैदानात, काट्याकुट्यांत, नवी कोरी गाडी लावून तो तसाच घरी चालत गेला. मिठाई कोणी घेतली नाही. त्यानंतर कितीतरी आठवडे तो आईशी बोलला नाही. जेवायचा आणि उठायचा. बाईंनीही माघार घेतली नाही, पण एकदा दुपारी स्वयंपाकघरात प्रज्ञाने त्यांना रडताना पाहिलं. तिने जवळ घेतलं तर तिच्यावरच खेकसल्या, "कांदा आहे!"

मार्केटात मात्र त्या दिवसानंतर वारं फिरलं. पोटच्या पोराला उठवणारी बाई आपल्याला काय सोडणार, हे सगळ्यांनी ओळखलं. "इनके घर में गाड़ी आने दो" हे वाक्य तनेजांना पुन्हा म्हणता येईना. आणि राजवीर हट्टाने लाल गाडी दाराशी न आणता रोज मागच्या मैदानातच लावू लागल्यावर तिच्या बाजूला दुसऱ्या गाड्या लागू लागल्या. शेवटी असोसिएशनने ते मैदान साफ करायचं ठरवलं. ठराव तनेजांनीच मांडला, जणू कल्पना त्यांचीच. फूटपाथच्या कडेला लोखंडी पाइप ठोकायचंही ठरलं.

काम झालं त्या सकाळी प्रभावतीबाई बघायला गेल्या. मजुरांनी खड्डे खणले, पाइप उभे केले, सिमेंट ओतलं, वर पिवळा रंग मारला. जेवायच्या सुट्टीच्या आत सगळं उरकलं. तनेजा पेढ्याचा बॉक्स घेऊन पुढे आले. "लीजिए आंटीजी, अब तो खुश?"

बाई त्या पिवळ्या पाइपांकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, बरं वाटेल. उलट राग पुन्हा उसळून वर आला.

"इतनाच काम था?" त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. "एक सुबह का? इतनाच था तो पहले क्यूँ नहीं किया रे? पहले क्यूँ नहीं किया?"

तनेजांचा पेढ्याचा हात तसाच पुढे राहिला. बाईंनी पदर खोचला आणि ओल्या सिमेंटला चुकवत, फूटपाथच्या मधून, ताडताड घराकडे चालू लागल्या.