गढीसमोरून जाताना

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं होतं, त्या वर्षांतल्या एका निवडणुकीत माझी ड्यूटी सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या शाळेत लागली. दुपारी वेशीबाहेरच्या वस्तीतली एक म्हातारी एकटीच चालत आली, चपला हातात घेऊन. त्या वस्तीतल्या बायकांनी पाटलांच्या गढीसमोरून जाताना चपला हातात घ्यायच्या, असा गावचा रिवाज होता.

“मावशे, पाटलांनी जीप धाडली होती की,” दारातला पोलीस म्हणाला.

“जीपीत बसलं की मग त्येंचंच ऐकावं लागतंय,” ती हसली.

बाकीच्या बायका देवळात शिराव्यात तशा चपला दाराशी काढून आत येत होत्या. हिने मात्र उंबऱ्याशी आपल्या चपला खाली ठेवल्या, पायांची धूळ पदराने पुसली आणि सावकाश त्या पायात घातल्या.

“समदे काढायलेत अन् तू घालायलीस?”

“घालू दे की रं बाबा. हितं पाटलाचं मत एक, अन् माझं बी एकच हाय.”

शिक्का मारून झाल्यावर ती बोटावरच्या शाईला फुंकर घालत निघाली. मी खुर्ची सोडून खिडकीशी गेलो. गढीच्या ओट्यावर माणसं बसलेली होती. तिथे पोचताच ती थांबली आणि खाली वाकली. शेवटी काढल्याच, असं वाटून मी हिरमुसलो.

तिने चपलेतला खडा झटकला, चप्पल परत पायात सरकवली आणि ओट्यावरच्या माणसांसमोरून, चपला वाजवत, घरी गेली.