नवी तूर येईपर्यंत: लातूर-नांदेडची चाकांवरची हॉकी

विलासचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी मटार सोलत होते. विलास माझा धाकटा भाऊ, लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. म्हणाला, "ताई, सईचा हा शेवटचा मोसम. पुढच्या वर्षी अकरावी, मग खेळ बंद. बघायचं असेल तर आत्ताच ये."

सई त्याची मुलगी. चाकांचे बूट घालून हॉकी खेळते. बर्फावरची हॉकी असते ना, साधारण तशीच, फक्त बर्फाच्या जागी फरशी. मटार तसेच फ्रिजमध्ये टाकून मी बॅग काढली.

पुणे-लातूर एसटीनं आठ तास धरा. सकाळी सहाची गाडी घ्या, म्हणजे टेंभुर्णीला नाश्ता होतो, बार्शीला चहा, आणि मुरूडच्या आसपास दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेली तूर दिसते. लातूरच्या वेशीवर पूर्वी डाळ मिलच्या पाट्या असायच्या. आता त्यांच्याही वर क्लासचे फलक आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे फोटो.

लातूरचा संघ एका डाळ मिलमागच्या सिमेंटच्या अंगणात खेळतो. तेल चोळलेली तूर तिथंच वाळत घालतात, म्हणून इथला मोसम दसऱ्याला सुरू होतो आणि बाजारात नवी तूर आली की संपतो. लीगमध्ये चार गावं: लातूर, नांदेड, हदगाव, देगलूर. खेळाआधी सगळ्या मुली उकिडव्या बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसत मागे सरकतात. त्यांचे प्रशिक्षक जमीरसर, एरवी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात, रांगेमागून फिरत होते. "दाना राहिला न्हाई पायजे," ते म्हणाले. "एक दाना, एक दात."

मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटचं मैदान आठवलं. प्लीटचे स्कर्ट, शिट्टी फुंकणाऱ्या सिस्टर, गुडघ्यावर टिंक्चर. दहावीनंतर माझी हॉकी स्टिक कपाटावर गेली, पुण्याच्या घरीही तिथंच आहे. बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं. चालू ठेव, असंही नाही.

तरी विलासशी मी वाद घातला नाही. भूकंपाच्या वर्षी तो किल्लारीच्या बाजूला, मामांकडे राहून शाळेत शिकवत होता. पहाटे घर बसलं. मामा गेले. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये मुलं पुन्हा वह्या घेऊन त्याच्यापुढे बसली. साऱ्या गावात त्याला तो अभ्यास तेवढाच उभा दिसला असावा. त्याला काय सांगणार मी?

शेवटचा सामना नांदेडला, नांदेडशीच. लातूर-नांदेड चार तास. अहमदपूरला उतरून सुशीला खा: भिजवलेले चुरमुरे, मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. लोह्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला आहे, तेव्हा चहा त्याआधीच पिऊन घ्या. मुक्काम करायचा तर स्थानकाजवळ हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळते. विलास सोबत आला, पण तपासायचे पेपर घेऊन.

नांदेडचं रिंक खरंखुरं, गुळगुळीत आणि झाडलेलं. तरी आमच्या मुली सवयीनं फडकी काढून बसल्याच. कठड्यावरून एक पोरगी म्हणाली, "लातूरहून फरशी पुसायला बाया आणल्या काय?" सगळं रिंक हसलं. सईनं मान वर न करता आपला पट्टा पुसून संपवला.

खेळ सुरू झाला आणि काहीतरी बिनसलं. आमची प्रत्येक मुलगी चेंडूच्या दोन हात अलीकडेच थांबत होती. बघता बघता दोन गोल बसले. माझ्या शेजारी लाल पेनाचा आवाज थांबला. विलास वाकून मुलींच्या पायांकडे बघत होता. मध्यंतर झालं तसा तो पेपर माझ्या मांडीवर ठेवून खाली उतरला. मीही मागोमाग गेले.

"आपल्या फरशीत वर्षानुवर्षांचं तेल मुरलंय," तो मुलींना म्हणाला. "ती निसटते, म्हणून तुम्ही लवकर पाय आडवा घालता. इथं घर्षण जास्त आहे. उशिरा थांबा."

"किती उशिरा, सर?" एकीनं विचारलं.

"भीती वाटेल, त्याच्यानंतर."

जमीरसर कपाळाला हात लावून म्हणाले, "इतकी वर्षं दोष चाकांचा समजून चाकंच बदलून राहिलो मी."

दुसऱ्या सत्रात त्या वाऱ्यासारख्या सुटल्या. पहिला गोल सईचा, दुसरा तिनं दिलेल्या पासवर. मग अगदी शेवटी नांदेडनं तिसरा केला आणि आम्ही हरलो. बुटाच्या नाड्या सोडताना सईचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "झालं, बाबा. उद्यापासून अभ्यासाला बसते."

विलासनं वाकून तिच्या बुटाचं एक चाक बोटानं फिरवलं. "डावीकडे वळताना तू अजूनही लवकर थांबतेस. ते आधी नीट कर."

"कुठं? तूर येऊन राहिली."

"आमच्या क्लासची गच्ची आहे. रविवारी दुपारी रिकामीच असते."

परतीच्या बसमध्ये सईनं बूट पिशवीत न भरता मांडीवर घेतले होते.

पुण्याला आले तेव्हा फ्रिजमधले मटार सुरकुतले होते. तरी त्यांची उसळ केली, आणि स्टूल घेऊन स्टिकवरची धूळही पुसली. डिसेंबरात कुठं जावं असं विचारणाऱ्यांना मी आता लातूर-नांदेड सांगते. तुरीच्या आधी जा.

गेल्या रविवारी सईनं फोटो पाठवला. क्लासची गच्ची, जिथं तुरीचा दाणा कधी पडलेला नाही. मुली रांगेत उकिडव्या, फडकी हातात. रांगेच्या टोकाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून विलास.