घाटातली सनई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, हसा! अख्खं तलासरी हसून झालंय, तुम्हीच कशाला मागे राहता?

वीस वर्षं ट्रक चालवतोय, गाडीला ओरखडा नाही. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, वळणाआधी हॉर्न द्यायचा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. यावर मी इतकी भाषणं दिलीत की मला बघितलं की चहावाला टपरीच्या मागे जाऊन भांडी घासायला लागतो.

तर, भाचीचं लग्न. स्वयंपाकाची सगळी पातेली आणि खुर्च्या माझ्या ट्रकमध्ये. लग्नाची हौस म्हणून वापीहून खास सनईचा हॉर्न बसवलेला. दुकानदार म्हणाला होता, "एकज पीस छे, शेठ!" मी खूश!

सायवनचा घाट उतरताना अरुंद वळण आलं. वाजवली सनई. खालून उत्तर आलं, सनईच!

थांबलो. चढणारी गाडी, वाट द्यायलाच हवी. पाच मिनिटं झाली, कुणी येईना. पुन्हा वाजवली, पुन्हा उत्तर! आणि हॉर्न हुबेहूब माझा? लावला दुकानदाराला फोन.

"एकच पीस होता ना?"

"एकज, शेठ! तमारा सम!" त्याने माझीच शपथ घेतली.

"मग घाटात काय भूत वाजवतंय?"

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, पातेली कुठंयत? अकरा वाजले, आचारी हात बांधून बसलाय!"

"काय करू विमल? समोरचा वर येत नाही आणि मला खाली येऊ देत नाही. महाहट्टी माणूस आहे!"

आता मी पेटलो. दोनदा वाजवली, त्याने दोनदा. मी तीनदा, त्याने तीनदा! अर्धा तास आमची जुगलबंदी. खरं सांगू? शेवटी शेवटी मला त्याचं कौतुकच वाटायला लागलं. इतका नियम पाळणारा ड्रायव्हर हल्ली भेटतो कुठे?

मग खालून बकऱ्या हाकत एक म्हातारबाबा आले.

"कोनाची वाट बगतोस रं?"

"खाली ट्रक उभा आहे ना, त्याची."

"खाली तं काय पन नाय." त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "तो बोलते. आमी बकऱ्यांना हाक मारली का तो पन मारते."

वऱ्हाड तीन वाजता जेवलं. जेवण झकास झालं, कुणी रुसलं नाही. फक्त उशिराचं कारण विमलने माइकवरून सांगितलं.

चढणाऱ्याला वाट द्यायचा नियम मी अजूनही सोडलेला नाही. फक्त आधी खात्री करून घेतो, समोरचा हट्टी माणूस मीच तर नाही ना!