खालच्यानं म्हणायचं

दुपारचं जेवण झाल्यावर मी चटईवर उताणा पडतो, गुडघ्यांखाली उशी घेऊन. दुसऱ्या कुठल्याही अंगावर पडलं की डाव्या पायात कळ उतरते. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकून शीर दबलीय, पाऊल लुळं पडत चाललंय, आणखी थांबलात तर ते परत येईलच असं नाही. ऑपरेशनचं सोमवारपर्यंत कळवायचंय. इकडे गल्लीतल्या प्रत्येकाकडे मणक्याचं ऑपरेशन करून कायमचा आडवा झालेला एक तरी पाहुणा आहे. मला आता विचार करण्याचाच कंटाळा आलाय. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट ऐकता ऐकता डोळे जड होतात.

खटखट थांबते. दस्तगीर चटईच्या टोकाशी उकिडवा बसलाय. तो जाऊन चार वर्षं झाली, मी त्याच्या मातीला गेलो होतो, पण ते बोलून दाखवणं बरं दिसत नाही. इचलकरंजीत वीस वर्षं आम्ही दोघांनी सुताची बीमं वाहिली. लोखंडी दांड्यावर गुंडाळलेलं मणभर सूत, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या.

"ऊठ, महालिंगा. वरच्या मजल्यावर एक बीम न्यायचं हाय."

मी उठतो. कंबर कुरकुरत नाही. स्वयंपाकघरातून जिना वर गेलाय. आमच्या घराला जिना नाही. बीम खांद्यांवर चढतं; तो पुढे, मी खाली. जिन्यावर जास्तीचं वजन खालच्या गड्यावर येतं, म्हणून आमच्यात रीत होती: 'ठेव' म्हणायचं ते खालच्यानं. पुढच्यानं आपल्या मनानं बीम टेकवायचं नाही. खाली नेहमी मी असायचो, आणि मी कधी म्हटलं नाही. म्हटलं की बाकीचे आठवडाभर चिडवायचे. मला सगळे रेडा म्हणत आणि मला ते आवडायचं. मूर्खपणा, दुसरं काय.

पायऱ्या संपत नाहीत. भिंती हिरव्या होतात, फिनेलचा वास येतो, कडेच्या बाकांवर माणसं मांडीवर फायली घेऊन बसलीत. कुणी वर बघत नाही. माझं डावं पाऊल पायरीला लागतंय की नाही ते कळत नाही. ऑपरेशन करू का, मी दस्तगीरला विचारतो. मेलेल्या माणसाला कशाला विचारतोस, तो म्हणतो. भीती वाटते, मी म्हणतो. तो थांबतो. मान वळवत नाही. खांद्यावर बीम असताना ती वळत नाही.

"वीस वर्सांत एकदाबी ठेव म्हणाला न्हाईस."

"मला जमत होतं."

"तुला जमत हुतं. माझा जीव जायचा, लेका. वाट बगायचो, आता म्हणंल, मग म्हणंल. पुढच्याला बोलायची सोय नव्हती."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, मी सोसतोय म्हणजे त्याचं हलकं करतोय. लाजेनं मला रडू येतं. वजन वाढत जातं. वर बघतो तर दांड्याखाली दस्तगीर नाही. पदर खोचलेली, वाकलेली पाठ आहे, गिरिजाची, माझ्या बायकोची. तीही काही बोलत नाही.

"ठेव," मी म्हणतो. जोरात म्हणतो.

डोळ्यांवर ऊन आलंय. गिरिजा शेजारी उभी आहे, झोपेत कुणाला ओरडत होतात म्हणून विचारते. सोमवारची वाट कशाला बघायची, आजच दवाखान्यात फोन करून हो म्हणून सांग, मी म्हणतो. ती भिंतीला टेकून खाली बसते. सात महिने मला उठवायला आणि बसवायला हिचाच खांदा आहे. मग तिची नजर माझ्या बनियनकडे जाते आणि ती खांद्यावरची पट्टी बाजूला सारते. उजव्या खांद्यावर चार बोटं रुंद लाल वळ उमटलाय. बीम वाहायचं सोडून मला अकरा वर्षं झाली.

ती त्यावर तळवा ठेवते.

"दुखतंय?"

"हो," मी म्हणतो. "लई दुखतंय."