आधी हाताची पाठ

काका कुठल्याही वस्तूला आधी हाताची पाठ लावायचे. चहाचा ग्लास, एसटीचा दांडा, नवा टॉवेलसुद्धा. मग तळवा. "वायरमनची सवय गो बाय," ते म्हणायचे. "तळव्याला करंट लागला तर मूठ आवळते, सुटत नाय. पाठीला लागला तर हात आपोआप मागं येतो."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. मी पहिल्यांदाच पाहत होते. मी लांज्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. रत्नागिरीजवळच्या एका छोट्या जेटीवर प्रोजेक्टसाठी आले, तेव्हा कुणाला काय विचारावं हेही कळत नव्हतं. तिथल्या वायरमन काकांना विचारायचं तर ओरडून. जहाजांच्या इंजिनरूममध्ये तरुणपण गेलं, त्यात कानही गेले.

जेटीवर तेव्हा बोटींना किनाऱ्यावरची वीज देणारी पेटी नवीनच बसली होती. जहाजं ओढणारा टग धक्क्याला लागला की जाड केबल जोडायची, मग टगने आपला धूर ओकणारा जनरेटर बंद करायचा. शेजारच्या वाडीतल्या बायका वाळत घातलेल्या मासळीवरची काजळी दाखवायला यायच्या. काका त्यांना सांगायचे, "थांबा गो, ही पेटी चालू दे."

पेटी अडली ती माझ्यामुळे. केबलच्या टोकांना लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या मी बांधल्या आणि त्यात दोन रंगांची अदलाबदल केली. माझ्यावर विसंबून काकांनी त्या दिवशी तपासलं नाही. टगवरचा पंप उलटा फिरला. टगचे सारंग, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, भडकले. "तुमची वीज तुमच्याकडेच ठेवा!"

"जोडणी कुणी केली?" जेटीच्या साहेबांनी ओरडून विचारलं.

"मी," काका म्हणाले.

मी शेजारीच उभी होते.

महिनाअखेरपर्यंत सारंग तयार झाले नाहीत तर पेटी परत जाणार होती, आणि तिच्याबरोबर काकांचं कंत्राटी कामही. "आमच्या गावाला, बुरोंडीला मासे काय कमी हायत?" म्हणत काकांनी जेवणाचा डबा उघडला. पण त्याला हाताची पाठ लावायची विसरले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी टगवर गेले. "सारंगमामा, पट्ट्या मी बांधल्या होत्या. काकांनी नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले."

सारंगांनी मला नीट निरखलं आणि ते एकदम हसले. "म्हणजे म्हाताऱ्याचे डोळे शाबूत आहेत! मला वाटलं, कानांमागोमाग तेही गेले. बोलाव त्याला. एक चहा होईपर्यंत जनरेटर बंद ठेवतो. पट्ट्या मात्र त्यानंच बांधायच्या."

काकांनी पट्ट्या बांधल्या, मीटर लावून दोनदा तपासलं, केबल जोडली. जनरेटर थांबला. काकांनी टगच्या अंगाला हाताची पाठ लावली, मग तळवा. थरथर नव्हती. त्यांना कळलं ते एवढंच.

"काय ऐकू येतंय गो?"

"वाडीतला कोंबडा!" मी ओरडले. "कुणीतरी कपडे आपटतंय. आणि सारंगमामा चहा फुरकतायत."

चहा संपला. जनरेटर कुणी सुरू केला नाही.

यंदा काका काम सोडून बुरोंडीला गेले. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून जेटीवर गेले की मी लिहून पाठवते: आज कोंबडा नाही. दोघी मासळीवरून भांडतायत. सारंगमामा घोरतायत.

उत्तरात आधी हाताच्या पाठीचा फोटो येतो. थोड्या वेळानं तळव्याचा.